उभं राहण्याचा इतिहास

फलंदाज चेंडू मारतो ते सगळे बघतात. मारायच्या आधी तो नुसता उभा असतो, ते फारसं कोणी बघत नाही. पाय किती अंतरावर, खांदा कुठे, बॅट जमिनीला टेकलेली की हवेत, मान सरळ की कललेली... इंग्रजीत याला स्टान्स म्हणतात. आपल्याकडे त्याला क्रिकेटच्या कितीतरी आधीचा शब्द आहे : पवित्रा. लाठीवाला पवित्रा घेतो, पट्टेकरी घेतो, पैलवान घेतो. घाव नंतर, पवित्रा आधी. जुने उस्ताद म्हणे पोरगं आखाड्यात नुसतं उभं राहिलं की कोणत्या तालमीतलं ते ओळखायचे.

हा विषय आत्ता काढायचं कारण घरातलं आहे. ताईचा मुलगा चंद्रपूरला क्रिकेटच्या शिबिराला जातो, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. पोरगा बारा वर्षांचा. चेंडू येण्याआधी तो छाती गोलंदाजाकडे वळवून उभा राहतो आणि बॅट उचलून खांद्याजवळ धरतो. शिबिरातले सर म्हणाले, "हे काय बेसबॉल आहे का?" झालं. तेव्हापासून फोनवर हाच विषय. "मामा, सर म्हणते का उभं रायनंच चुकीचं आहे. बदलवू का?" ताईचंही तेच, भाऊजींचंही तेच, आणि ज्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नाही त्या मावशीचंही मत आहेच. :)

फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं. उभं राहण्याची 'बरोबर' पद्धत आली कुठून? ती कोणी ठरवली? आणि ज्यांनी ती मानली नाही त्यांचं पुढे काय झालं? लेख लांबला आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात आपल्याच मातीपासून करू. विटी-दांडू. (आमच्याकडे गिल्ली-दंडाही म्हणतात, तोच खेळ.) आमच्या आजोबांच्या तोंडी एक यादी होती : वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती ऐकली असेल, काहींच्या यादीत एखादा शब्द वेगळा असेल. विटी जिथे पडली तिथपासून गलीपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं आणि मोजताना हे शब्द म्हणायचे. शेवटचा दांडू ज्या शब्दावर संपेल, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरायचं. कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची, कधी मुठीवरून, आणि 'डोळा' आला की मान मागे टाकून विटी चक्क डोळ्यावर ठेवायची, तिथून उडवायची आणि हवेतच टोला हाणायचा. गावागणिक नियम थोडेफार बदलतात, पण तत्त्व एकच. प्रत्येक शब्दाला वेगळा पवित्रा. एकच खेळाडू एका डावात पाच-सात तऱ्हांनी उभा राहायचा, आणि त्यातली अमुक तऱ्हा बरोबर, बाकीच्या चूक, असं कोणी म्हणत नसे. विटी कुठून उडणार आहे त्यावर उभं राहणं अवलंबून, एवढी साधी गोष्ट.

आता या शब्दांची गंमत बघा. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. वकट, लेंड, मुंड, नाल! पुढे गडबड आहे. तेलुगूत आरु म्हणजे सहा, आपल्या यादीत 'आर' पाचवा येतो, आणि 'डोळा' तर सरळसरळ मराठी. पण पहिल्या चार शब्दांचं नातं कानालाच कळतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना या शब्दांचं कोडं वाटत असेल, आपल्याकडच्या माणसाला वाटायला नको. सिरोंच्याला प्राणहिता ओलांडली की तेलंगणा. राजुरा एकेकाळी निजामाच्या राज्यात होता. बल्लारपूरच्या बाजारात आजही अर्ध्या वाक्यात मराठी आणि अर्ध्यात तेलुगू ऐकू येतं. खेळ आणि खेळाचे शब्द सीमेवर थांबत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता इंग्लंडकडे जाऊ, कारण 'बरोबर' स्टान्स तिथून आला.

अगदी जुन्या क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचा. त्यामुळे बॅट खाली वाकडी असायची, आजच्या हॉकी स्टिकसारखी. फलंदाज वाकून, झाडू मारल्यासारखा उभा. साधारण १७६०-७० च्या सुमाराला गोलंदाज चेंडू हवेतून टाकायला लागले. चेंडू टप्पा घेऊन उसळायला लागला आणि वाकडी बॅट एकदम निरुपयोगी झाली. सरळ बॅट आली. जॉन स्मॉल नावाचा हॅम्बल्डन क्लबचा फलंदाज ती बनवणाऱ्यांत आणि वापरणाऱ्यांत अगदी पहिल्यांपैकी मानला जातो. बॅट सरळ झाली, मग ती सरळ रेषेत खाली आणायची तर डावा खांदा गोलंदाजाकडे हवा, शरीर आडवं हवं, पाय क्रीजला समांतर हवेत. म्हणजे ज्याला आपण शास्त्रशुद्ध म्हणतो तो पवित्रा कोणा आचार्याने शोधला नाही. चेंडू बदलला म्हणून बॅट बदलली, आणि बॅट बदलली म्हणून माणूस वळला.

पुढे दीड-पावणेदोनशे वर्षांत त्याचं शास्त्र झालं. एमसीसीचं प्रशिक्षणाचं पुस्तक १९५२ साली आलं, आणि जगभर शाळा-क्लबांत त्याच धर्तीवर शिकवणं सुरू झालं. खांदा इकडे, कोपर वर, बॅट उजव्या पायाच्या बोटांमागे टेकलेली. पुस्तक वाईट मुळीच नव्हतं. इंग्लंडच्या ओल्या, हिरव्या, चेंडू हलणाऱ्या खेळपट्टीवर ते शहाणपणाचंच होतं. फक्त ते शहाणपण एका विशिष्ट मातीतलं होतं, एवढं पुढे लोक विसरले.

आता सरांनी काढलेला बेसबॉल. तिथे चेंडू टप्पा घेतच नाही. क्रिकेटचे यष्टी-ते-यष्टी २२ यार्ड म्हणजे ६६ फूट. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा ६० फूट ६ इंचांवर, आणि हे अंतर १८९३ पासून तेच आहे. चेंडू सरळ हवेतून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात येतो. मागे वाचवायला यष्टी नाहीत. बॅट गोल. मग ती जमिनीवर टेकवून करायचं काय? ती खांद्याजवळ तयारच हवी. आणखी एक मजेशीर गोष्ट सांगतो. १८८७ पर्यंत बेसबॉलच्या फलंदाजाला चेंडू उंच हवा की खाली, हे मागायचा अधिकार होता! तो अधिकार गेला आणि फलंदाजाला पूर्ण पट्ट्यासाठी तयार उभं राहणं भाग पडलं. तिथेही तेच. नियम बदलला, पवित्र्याचं काम बदललं.

बेसबॉलमधला उभं राहण्याचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा मात्र अमेरिकेतला नाही, जपानमधला आहे. सादाहारू ओ नावाचा फलंदाज १९५९ साली टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघात आला. पहिली काही वर्षं बेताचीच गेली, फटक्याची वेळ साधेना. १९६२ मध्ये हिरोशी अराकावा या प्रशिक्षकाने त्याला एका पायावर उभं केलं. चेंडू सुटताना पुढचा पाय गुडघ्यात दुमडून वर, बगळ्यासारखा. तोल साधावा म्हणून आयकिडो आणि तलवारीचा सराव करून घेतला. (आला की नाही आपला 'पवित्रा'!) निवृत्त होईपर्यंत ओच्या नावावर ८६८ होमरन होते.

हा किस्सा मुद्दाम सांगतोय, कारण तो माझ्या पुढच्या म्हणण्याच्या थोडा विरुद्ध जातो. इथे प्रशिक्षकाने उभं राहणं पार बदललं, आणि बदललं म्हणूनच खेळाडू घडला. पण बारकाईने बघा, अराकावाने ओला पुस्तकासारखं उभं केलं नाही. उलट कुठल्याच पुस्तकात नव्हतं तसं उभं केलं. त्याने त्या एका पोराचा एक दोष पाहिला आणि त्या दोषावर औषध दिलं.

क्रिकेट आणि बेसबॉल या दोन जगांतले दोन बादशहा एकदा शेजारी बसले होते. १९३२ साली ऑस्ट्रेलियाचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये डॉन ब्रॅडमन आणि बेब रूथ भेटले. एकाची बॅट खांद्यावर, दुसऱ्याची जमिनीवर. पण ब्रॅडमनची जमिनीवरची बॅटसुद्धा पुस्तकातल्या जागी नव्हती. ती पायांच्या मागे नाही, दोन पायांच्या मध्ये टेकलेली. मूठ वेगळीच वळलेली. बॅट उचलायचा तीही सरळ मागे नाही, तर स्लिपच्या दिशेने. असं का? बाउरलसारख्या लहान गावात त्याला कोणी शिकवायला नव्हतं. घरामागे पाण्याच्या टाकीची विटांची बैठक होती. त्यावर गोल्फचा चेंडू फेकायचा आणि तो वेडावाकडा परत आला की क्रिकेटच्या यष्टीने मारायचा. तासन् तास. हातात बारीक काठी, समोर लहानसा, कुठूनही येणारा चेंडू. हा विटी-दांडूच झाला की! त्या टाकीने त्याला जसं उभं केलं तसाच तो आयुष्यभर उभा राहिला, आणि कसोटीतली सरासरी ठेवून गेला ९९.९४.

आता आपल्याकडे येऊ.

कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे आपले सी. के. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. घराणं तेलुगू. वर म्हटलं होतं ना, सीमेवर काही थांबत नाही! १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार. पाहुणा संघ पुस्तकाच्या देशातला, आणि त्यांच्या गोलंदाजांना हा नागपूरचा उंच माणूस मैदानाबाहेर भिरकावत होता. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यात त्या खेळीचा वाटा होता असं मानतात. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार तेच होते.

पण पवित्र्याच्या दृष्टीने माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे विजय हजारे. सांगलीचे, जन्म १९१५. हजाऱ्यांचं उभं राहणं बघवत नसे, असं ज्यांनी पाहिलं ते सांगतात. बॅट दोन पॅडच्या मध्ये अडकवलेली, आणि दांड्यावरचे दोन्ही हात एकमेकांपासून लांब. पुस्तक सांगतं हात जवळ हवेत. १९३० च्या दशकाच्या शेवटी जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचा महान लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट याला प्रशिक्षणासाठी बोलावलं. आता विचार करा. ग्रिमेट म्हणजे कसोटीत दोनशे बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज. आयुष्यभर फलंदाजांच्या उभं राहण्यातली फट शोधून त्यांना बाद करणं हाच त्याचा धंदा. त्याने हजाऱ्यांचा तो विचित्र पवित्रा पाहिला आणि सांगितलं, हा बदलू नकोस.

मला वाटतं हे वाक्य कुठल्याही शतकापेक्षा मोठं आहे. बदल सुचवणं सोपं असतं. पाहुणा म्हणून आलाय, मानधन घेतलंय, काहीतरी बदलून दाखवलं की काम केल्यासारखं दिसतं. ग्रिमेटने पाहिलं असणार की पोराचं डोकं स्थिर आहे, चेंडू येतो तेव्हा बॅट वेळेवर पोचते आहे. मग हात लांब का असेनात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत संघाच्या ३८७ पैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५, आणि असं करणारे ते पहिले भारतीय. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. ॲडलेडच्या त्या कसोटीत समोरच्या संघाचा कर्णधार होता ब्रॅडमन, आणि त्याने त्याच सामन्यात २०१ केल्या. ॲडलेड हे ग्रिमेटचं गाव. म्हणजे पाण्याच्या टाकीने घडवलेला एक आणि "हा बदलू नकोस" या तीन शब्दांनी वाचलेला दुसरा, दोघांनी पुस्तकाबाहेर उभं राहून एकाच सामन्यात तीन शतकं केली, आणि तीही ते तीन शब्द बोलणाऱ्याच्या गावात. इतिहास कधीकधी फार नीटनेटका वागतो.

ग्रिमेटसारखं वागलेले दुसरे गुरू आपल्या अगदी ओळखीचे. रमाकांत आचरेकर सर. १९८४ साली अजित तेंडुलकर धाकट्या भावाला घेऊन शिवाजी पार्कवर गेला. सचिन लहानपणी अजितच्या बॅटने खेळायचा. पोर लहान, बॅट मोठी, म्हणून दांड्याच्या अगदी खालच्या टोकाला धरायची सवय. सरांनी मूठ वर घ्यायला लावून पाहिली. पोराला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. सरांनी पाहिलं आणि राहू दिलं. तीच खालची मूठ पुढे चोवीस वर्षं कसोटी खेळली. मोठ्या भावाची बॅट धाकट्याने वापरणं ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. स्वेटर, पुस्तकं, सायकल, तशीच बॅट. त्या काटकसरीची खूण सचिनच्या मुठीत शेवटपर्यंत राहिली.

आणि ज्याच्या नावातच 'चंदर' आहे त्याला आम्ही चंद्रपूरकर कसे विसरणार! शिवनारायण चंदरपॉल. गयानातल्या युनिटी नावाच्या कोळ्यांच्या गावातला. हा तर जवळजवळ पूर्ण छाती गोलंदाजाकडे करून उभा राहायचा, खेकड्यासारखा. क्रीजवर बेलने ठोकून खूण करायचा. समालोचक हसायचे. १९९४ ते २०१५, १६४ कसोटी, ११,८६७ धावा. हसणारे दमले.

बॅट हवेत धरण्याचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात इंग्लंडचा टोनी ग्रेग बॅट उचलून उभा राहायला लागला तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. मग ग्रॅहम गूचनेही तेच केलं, आणि १९९० साली लॉर्ड्सवर आपल्याविरुद्ध ३३३ ठोकल्या. आज टीव्ही लावा आणि मोजा, किती जण बॅट जमिनीला टेकवून चेंडूची वाट बघतात ते. तेव्हा "हे काय बेसबॉल आहे का?" या प्रश्नाचं उत्तर खुद्द लॉर्ड्सवरच दिलं गेलेलं आहे.

याचा अर्थ पुस्तक जाळून टाका असा नाही बरं का. पुस्तकातला पवित्रा जर कोणाला शोभला असेल तर तो सुनील गावसकरला. स्थिर, ताठ, एकही अवयव विनाकारण हलत नाही. हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभं राहायचं तर तसंच राहावं लागत असेल. पण त्याच्याच आयुष्यातली दोन टोकं बघा. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर १७४ चेंडूंत नाबाद ३६. आणि १९८७ च्या विश्वचषकात आपल्या नागपूरला, सदरच्या मैदानावर, अंगात ताप असताना न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं हे एकमेव शतक. (तारीख ३१ ऑक्टोबर. म्हणजे सी. के. नायडूंचा वाढदिवस, त्यांच्याच जन्मगावी!) माणूस तोच, उभं राहणं बहुतेक तेच, खेळ मात्र जमीन-अस्मानाचा. म्हणजे पवित्रा खेळी ठरवत नाही. तो फक्त तयारी असतो. पुढचं डोकं ठरवतं.

मग लोक उभं राहण्यावरच इतके का अडतात?

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे, आणि तो क्रिकेटचा कमी, गावाचा जास्त आहे. चंद्रपूरचं पोर कसं खेळायला शिकतं? खाणीच्या, वीज केंद्राच्या, पेपर मिलच्या वसाहतीत, क्वार्टरच्या दोन ओळींमधल्या जागेत. टेनिसचा चेंडू. उन्हाने तापून दगड झालेली काळी माती. चेंडू कमरेच्या वर उसळतो, म्हणून बॅट आधीच वर लागते. ऑफला भिंत आणि खिडक्या, मोकळी जागा फक्त लेगला, म्हणून छाती आपोआप तिकडे वळते. ताईच्या मुलाचा पवित्रा हा असा आलेला आहे. ब्रॅडमनला टाकी होती, याला कॉलनी आहे. उभं राहणं हा त्याचा पत्ता आहे, पिनकोडसकट.

आणि तेच दुखणं आहे. हे पोर उद्या निवडीसाठी नागपूरला जाईल. तिथे ढिगाने पोरं, निवडणाऱ्याकडे प्रत्येकासाठी चार-सहा चेंडूंचा वेळ. वेगवान गोलंदाजाचा वेग दोन चेंडूंत दिसतो. आपला उमेश यादव कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विशीपर्यंत टेनिस चेंडूवर वाढलेला, पण वेग लपत नाही. २०११ साली तो विदर्भातर्फे खेळून कसोटीत पोचलेला पहिला खेळाडू ठरला. फलंदाजाचं तसं नसतं. तो कसा खेळतो हे कळायला तास लागतो. तो कसा उभा राहतो हे मात्र चेंडू पडायच्या आधीच दिसतं, आणि त्यावरून कुठला आहे तेही कळतं. बोलण्यातल्या 'करून राहिलो'वरून जसं कळतं ना, तसंच. शहरात गेल्यावर आपण बोली कशी झाकतो, तसा लहान गावचा प्रशिक्षक पोराचा पवित्रा झाकायला बघतो. सरांना मी दोष देणार नाही. पोराला तिथे कोणी हसू नये असंच त्यांना वाटत असणार.

पण विदर्भाचाच इतिहास काय सांगतो? १९५७-५८ पासून आपण रणजी खेळतोय. साठ वर्षं कोणी विचारलं नाही. मग २०१७-१८ च्या मोसमात फैज फजलच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिला चषक आणला. दुसऱ्याच वर्षी दुसरा, आणि २०२४-२५ मध्ये केरळला मागे टाकून तिसरा. त्यात चंद्रकांत पंडितांची शिस्त होती, वसीम जाफरचा अनुभव होता, हे खरंच. बाहेरून शिकायला लाज कसली? पण ज्यांना आपण बिचकत होतो त्यांनाच हरवल्यावर तरी 'आपलं ते गावठी' ही समजूत थोडी सैल व्हायला हरकत नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सरांशी भांडू नकोस, आणि पोराला लगेच बदलायलाही सांगू नकोस. त्याला महिनाभर लेदरच्या चेंडूवर आहे तसंच खेळू द्या आणि चार गोष्टी बघा. चेंडू सुटताना त्याचं डोकं स्थिर आहे का? दोन्ही डोळे गोलंदाजाकडे आहेत का? पुढे आणि मागे, दोन्हीकडे सारख्याच सहज हलता येतं का? आणि बाद होतो तेव्हा बॅट उशिरा येते म्हणून होतो का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर उभं राहणं बदलायलाच हवं, आणि ते काम सरांचंच. पण मग सरांना विचार की या पोराला कुठे अडतंय, पुस्तकात काय आहे ते नको. तो अराकावाचा मार्ग. आणि चारही उत्तरं ठीक असतील, फक्त दिसायला बरं दिसत नसेल, तर तो ग्रिमेटचा आणि आचरेकरांचा मार्ग. राहू द्या.

मोठा गुरू काय शिकवतो हे आपण नेहमी सांगतो. त्याने काय शिकवायचं टाळलं, याची नोंद कुठल्याच धावफलकात नसते. हजाऱ्यांची ती लांब लांब हातांची पकड बदलली असती तर ॲडलेडची दोन शतकं झाली असती की नाही, देव जाणे. पण बदलली नाही म्हणून झाली, एवढं तर आपल्यासमोर आहे.

असो. पुढच्या वेळी कोणी फलंदाजीला आला की फटक्याची वाट बघण्याआधी त्याच्या पायांकडे बघा. तो कुठल्या अंगणात, कुठल्या चेंडूवर, कोणाच्या जुन्या बॅटने वाढला, ते थोडंफार दिसेल. आणि हो, तुमच्या गावची वकट-लेंडची यादी आठवत असेल तर नक्की लिहून पाठवा, विशेषतः 'नाल' नंतरचे शब्द. कोणता शब्द आला की कसं उभं राहायचं, तेही लिहा. आजोबा गेले, त्यांना विचारायचं राहिलेलं बरंच आहे, पण तुमच्या घरी कोणाला तरी अजून आठवत असेल.